एका अंशाचा एक सेंटिमीटर

एफ/ए-18 हॉर्नेट हे अमेरिकी नौदलाचं लढाऊ विमान 2018 मध्ये ‘डीसीएस वर्ल्ड’ या सिम्युलेटरमध्ये आलं, आणि घरबसल्या विमानं उडवणाऱ्यांची चैन झाली. विमान उडवायला सोपं आहे. रडार चार-सहा रात्री घालवल्या की हाताला येतं. गाडी अडते ती उतरताना. चाकं खाली, फ्लॅप खाली, वेग घटत चाललाय, नाक वर उचललंय. आणि ज्याच्या भरवशावर उतरायचं ते छोटं हिरवं वर्तुळ समोरच्या काचेच्या खालच्या कडेला जाऊन गडप होतं. नवख्याला वाटतं, काहीतरी बिघडलं. तो सेटिंग्ज उघडतो, रंग बदलून बघतो, उजेड वाढवतो. वर्तुळ काही वर येत नाही.

कारण बिघडलेलं काहीच नसतं. हॉर्नेट उतरण्याच्या वेगाला आणलं की त्याचं नाक त्याच्या जाण्याच्या दिशेपेक्षा 8.1 अंश वर असावं लागतं. नाक आकाशाकडे, विमान मात्र चाललंय धावपट्टीकडे. विमान प्रत्यक्षात कुठे चाललंय ते दाखवणारं ते वर्तुळ, म्हणजे व्हेलॉसिटी व्हेक्टर, साहजिकच नाकाच्या खुणेखाली आठ अंशांवर जाऊन बसतं. गॅलरीच्या कठड्यावरून खालचा रस्ता बघायचा तर लहान मुलाला टाचा उंचवाव्या लागतात, तसा इथे डोळा वर न्यावा लागतो. हॉर्नेटच्या कॉकपिटमध्ये आसन वर-खाली करणारं बटण असतं, सिम्युलेटरमध्येही ते असतं. आसन थोडं वर घेतलं की वर्तुळ पुन्हा दिसायला लागतं.

हेड-अप डिस्प्ले सिम्युलेटरमध्ये नीट लावायचा म्हणजे काय, याचं जवळजवळ सगळं उत्तर या एका प्रसंगात आहे. प्रश्न आधी डोळ्याच्या जागेचा आहे. रंग, उजेड, रेषांची जाडी हे सगळं नंतरचं. तरी आपल्यातले बहुतेक जण रंगापासूनच सुरुवात करतात, कारण रंगाची पट्टी सरकवणं सोपं असतं.

डब्लिनची काच

हेड-अप डिस्प्लेला वैमानिकांच्या बोलीत ‘हड’ म्हणतात. वैमानिकाच्या नाकासमोर एक तिरकी पारदर्शक काच असते. तिच्याखाली प्रकाशाचा स्रोत आणि भिंगांची मांडणी. हिरव्या रेषा, आकडे, चिन्हं खालून येऊन त्या काचेवर परावर्तित होतात आणि बाहेरच्या आकाशावर काढल्यासारखी दिसतात. ही चिन्हं काचेवर असतात असं आपण म्हणतो खरं, पण डोळ्याला ती काचेवर दिसत नाहीत. भिंगं त्यांचे किरण समांतर करून सोडतात, त्यामुळे ती अनंत अंतरावर, क्षितिजापाशी असल्यासारखी भासतात. डोळ्याला जवळ-दूर असा फोकस बदलावा लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, डोकं जरा डावी-उजवीकडे हललं तरी चिन्ह लक्ष्यावरून हलत नाही.

ही युक्ती विमानांपेक्षा जुनी आहे. डब्लिनचे दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये बंदुकीसाठी असं परावर्तक लक्ष्यदर्शक काढलं. राइट बंधूंचं उड्डाण त्यानंतर तीन वर्षांनी झालं. या ग्रबचं पुण्याशी नातं होतं. त्यांच्याच कारखान्यात घडलेली 20 इंची परावर्तक दुर्बीण 1888 च्या सुमारास पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांच्या हाती होती. 1912 मध्ये ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. दूरच्या ताऱ्याचा समांतर प्रकाश डोळ्यापर्यंत आणणं हा ग्रबच्या घराण्याचा धंदा होता. बंदुकीच्या लक्ष्यदर्शकात त्यांनी तेच उलट फिरवलं आणि जवळच्या खुणेचा प्रकाश समांतर करून ती खूण ताऱ्याइतकी दूर नेऊन ठेवली.

दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरसारख्या विमानांत अशी लक्ष्यदर्शकं सर्रास आली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाच्या ब्लॅकबर्न बकनियर विमानात त्या काचेवर नुसत्या नेमाच्या खुणेपलीकडची माहिती यायला लागली. बकनियर समुद्राच्या पृष्ठभागालगत, रडारच्या खालून जाणारं विमान. तिथे वैमानिकाने वेग बघायला मान खाली घातली तर पुन्हा वर करायची संधी मिळेलच असं नाही. पुढे 1970 च्या दशकात जिल्बेर क्लोफस्टाइन या फ्रेंच चाचणी-वैमानिकाने चिन्हांची आजची भाषा बरीचशी घडवली. वैमानिकाला नुसते आकडे पुरवण्यापेक्षा त्याला बाहेरच्या जगात खरोखर असलेल्या गोष्टींवर रेषा काढून द्याव्यात, हा त्याचा आग्रह. क्षितिजाची रेष खऱ्या क्षितिजावरच बसली पाहिजे. विमान जिथे जाऊन टेकणार आहे, वर्तुळ तिथेच दिसलं पाहिजे.

हा नियम पाळला तर हड म्हणजे नेव्हिगेशन. नाही पाळला तर तो डोळ्यासमोर टांगलेला आकड्यांचा फलक. बाकी सगळी खटपट या एका नियमासाठी असते.

माणूस सरकवायचा की काच?

खऱ्या विमानात डिझायनर एक बिंदू ठरवतो: वैमानिकाचा डोळा इथे असेल. मग वैमानिकाने खुर्ची वर-खाली, पुढे-मागे करून आपला डोळा त्या बिंदूवर नेऊन ठेवायचा. एअरबसच्या कॉकपिटमध्ये पुढच्या दोन काचांमधल्या खांबावर छोट्या गोळ्या असतात, पांढऱ्या आणि लाल. पांढरी आणि लाल गोळी एका रेषेत आली की डोळा जागेवर आला. एवढा स्वस्त आणि इतका निर्विवाद मोजमापाचा मार्ग विमानात दुसरा क्वचितच असेल. प्रवासी विमानांमध्ये हडचा प्रसार अलास्का एअरलाइन्सने 1980 च्या दशकात बोइंग 727 वर तो बसवला तेव्हापासून झाला, आणि 787 मध्ये तर तो दोन्ही वैमानिकांपुढे पहिल्यापासून बसवलेलाच येतो. एअर इंडियाची 787 विमानं 2012 पासून आहेत, तेव्हा मुंबई-दिल्लीहून परदेशी जाताना आपल्यापैकी अनेकांना अशा काचेतून बघणाऱ्या वैमानिकाने नेलं असेल.

डोळा त्या बिंदूपासून फार दूर गेला तर चिन्हं दिसेनाशी होतात. ज्या चौकोनी जागेत डोळा राहिला तर चित्र दिसतं ती जागा अनेक हडमध्ये साधारण 12-13 सेंमी रुंद, 7-8 सेंमी उंच आणि 15 सेंमी खोल असते. एवढ्याशा अदृश्य खोक्यात डोकं ठेवून वैमानिक उतरतो.

खुद्द काचही विमानाच्या अक्षाशी जुळवून घ्यावी लागते. जमिनीवर विमान उभं करून, पुढे ठराविक अंतरावर खुणांचा फलक लावून हे जुळणीचं काम होतं. हिशेब मिलिरेडियनमध्ये चालतो. एक मिलिरेडियन चूक म्हणजे एक किलोमीटरवर एक मीटर. एफ-16 ला डोक्यावर चौकटीशिवाय सलग फुग्यासारखा पारदर्शक घुमट आहे. तो प्रकाश थोडा वाकवतो, म्हणून ती वक्रता मोजून तिचे आकडे विमानाच्या संगणकात भरले जातात. आपल्या तेजससाठीचा हड चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केला. ऐकायला काच आणि भिंगं, पण ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारा, त्यातली अर्धी मेहनत चित्र काढण्यात जाते आणि अर्धी ते चित्र जागेवर बसवण्यात.

घरी टेबलापुढे हे सगळं उलटं होतं. माणूस बिंदूपाशी नेता येत नाही, कारण मॉनिटर तुमच्या टेबलावर आहे आणि खुर्ची तुमच्या गुडघ्यांच्या सोयीने. मग बिंदूच माणसापाशी आणावा लागतो: आभासी कॅमेरा वर-खाली, पुढे-मागे करायचा, त्याचा दृश्यकोन ठरवायचा, आणि जमलं की ती जागा जतन करून ठेवायची. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कॅमेऱ्याच्या पर्यायांत उंची, आडवी जागा आणि झूम अशा पट्ट्या असतात. एक्स-प्लेनमध्ये आडवा दृश्यकोन अंशांत लिहायची सोय आहे. डीसीएसमध्ये कीबोर्डच्या आकड्यांच्या बटणांनी डोकं सरकवून ती जागा जतन करता येते. सोय सगळीकडे आहे. दृश्यकोन किती ठेवायचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

फूटपट्टी

ते सांगायला फूटपट्टी लागते. माझा भाचा परीक्षा संपल्यावर राहायला आला होता. रात्री जेवणं झाल्यावर विमान घेऊन बसायचा आणि उतरताना दर वेळी धावपट्टी ओलांडून पुढे.

“मामा, रनवे इतका बारका का दिसतो? जवळ आला असं वाटतच नाही.”

“अरे, बारका तू केलायस. मॉनिटर किती लांब आहे डोळ्यापासून?”

साठ सेंटिमीटर निघाला. चोवीस इंची मॉनिटरची रुंदी 53 सेंमी. आता साठ सेंमीवरून 53 सेंमी रुंद खिडकीतून बाहेर बघितलं तर दिसतं किती? सुमारे 48 अंश. सिम्युलेटरचा दृश्यकोन ठेवलेला होता 80. म्हणजे 80 अंशांचं जग 48 अंशांच्या खिडकीत दाबून बसवलेलं. पडद्याच्या मधोमध, जिथे हड आणि धावपट्टी असते, तिथे प्रत्येक गोष्ट खऱ्या आकाराच्या निम्म्याहून किंचित जास्त दिसते. निम्मी दिसणारी धावपट्टी दुप्पट लांब वाटली, तर त्यात भाच्याचा काय दोष?

हे हडवरच मोजता येतं. हडवर अंशांची शिडी असते, पिच लॅडर, दर पाच अंशांना एक पायरी. दृश्यकोन बरोबर असेल तर साठ सेंमीवरून एक अंश म्हणजे पडद्यावर जवळजवळ एक सेंटिमीटर (नेमकं सांगायचं तर 1.05), आणि दोन पायऱ्यांमध्ये सव्वापाच सेंमी. भाच्याच्या पडद्यावर फूटपट्टी लावली तर पावणेतीन भरले. दृश्यकोन 48 च्या आसपास आणल्यावर पट्टी पुन्हा लावली आणि सव्वापाच आले. हा हिशेब कुठल्याही मॉनिटरला चालतो: पडदा मोठा किंवा जवळ असला की खिडकी जास्त अंशांची होते आणि दृश्यकोन त्याप्रमाणे वाढवता येतो. म्हणून तर रुंद वळणदार मॉनिटर घेणारे घरी शिव्या खाऊनही घेतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आधुनिक सिम्युलेटरमध्ये दृश्यकोन 80 ठेवला तरी हड खोटं बोलत नाही. जग आणि चिन्हं दोन्ही सारख्याच प्रमाणात आक्रसतात, वर्तुळ धावपट्टीवरच राहतं. हरवते ती बारकाई. एक अंशाची चूक जिथे सेंटिमीटरभर दिसायला हवी तिथे अर्धा सेंमी दिसते. चूक उशिरा लक्षात येते, मग काठी जास्त ढकलली जाते, मग उलटी ओढली जाते. शेवटच्या किलोमीटरमध्ये विमान वर-खाली डुलायला लागतं. त्याला लोक जॉयस्टिकचा दोष म्हणतात आणि नवी जॉयस्टिक घेतात.

रेषांचंही तसंच. खऱ्या हडची रेष साधारण एक मिलिरेडियन जाडीची असते. 1920 पिक्सेल रुंद पडद्यावर 80 अंश बसवले तर मध्यभागी एका अंशाला 20 पिक्सेल येतात आणि ती रेष जेमतेम एक पिक्सेलची होते. कलती झाली की पायऱ्या पडतात, हलली की थरथरते, आणि आकड्यांमधला 6 कोणता, 8 कोणता, हे अंदाजाने ठरवावं लागतं. 48 अंशांवर एका अंशाला 38 पिक्सेल, रेष दोन पिक्सेलांची, आकडे वाचता येतात. म्हणजे ‘हड नीट दिसत नाही’ या तक्रारीवर उजेड वाढवण्याआधी दृश्यकोन तपासायला हवा.

मात्र 48 अंशांत सगळं उड्डाण होत नाही. मान न वळवता बाजूचं विमान दिसत नाही, मांडीजवळचे पडदे दिसत नाहीत, वळून धावपट्टीच्या रेषेत येताना धावपट्टी सापडत नाही. खऱ्या वैमानिकाला कडेची नजर असते, ती या खिडकीने कापलेली असते. त्यामुळे माझं मत साधं आहे: एकच आकडा पवित्र मानू नये. फिरायला, शोधायला, लढायला रुंद दृश्य. शेवटच्या टप्प्याला आणि नेम धरायला खऱ्या मापाचं. दोन्ही जतन करून एका बटणावर ठेवावीत. डोक्याच्या हालचालीनुसार दृश्य फिरवणारं ट्रॅकआयआर किंवा वेबकॅमवर चालणारं फुकटातलं ओपनट्रॅक वापरणाऱ्यांनी मध्यभागी थोडी ‘सुस्त’ जागा ठेवावी, म्हणजे श्वासागणिक हड हलणार नाही. ही सुस्त जागा नसलेला हड अर्धा तास बघून दाखवा, मग बोलू.

सत्तावीस नंबरची धावपट्टी

अंश आणि सेंटिमीटर जुळले की हड काय करतो, हे पावसाळ्यातल्या मुंबईत बघावं. धावपट्टी 27, म्हणजे विमानाचं तोंड पश्चिमेला. वारा नैर्ऋत्येकडून, समजा 240 अंशांवरून 20 नॉट. त्यातला धावपट्टीला आडवा भाग 10 नॉट. उतरण्याचा वेग 140 नॉट असेल तर सरळ धावपट्टीवर जायला विमानाचं नाक चार अंश डावीकडे ठेवावं लागतं. नाक दाखवतंय भलतीकडे, वर्तुळ मात्र धावपट्टीच्या तोंडावर. पडद्यावर दोन खुणांमधलं आडवं अंतर चार सेंटिमीटर. उतरण्याचा मार्ग तीन अंशांचा, म्हणजे वर्तुळ क्षितिजाच्या रेषेखाली तीन सेंमी आणि धावपट्टीच्या तोंडाशी. एवढं जुळवलं की बाकी फार करायचं राहत नाही. वारा मोजायची, नाक किती वळवायचं याचा हिशेब करायची गरजच उरत नाही, कारण वर्तुळाने तो केलेला आहे.

घोळ पडतो तो वारा जोराचा असला की. वर्तुळ सरकत सरकत काचेच्या कडेला जातं आणि वैमानिक त्याच्यामागे मान वळवत बसतो. त्यासाठी हॉर्नेटमध्ये थ्रॉटलवर एक बटण आहे, ते दाबलं की वर्तुळ आणि शिडी मध्यभागी बांधली जातात. एफ-16 मध्ये तेच काम करणारा एक स्विच हडखालच्या बटणांच्या पाटीवर आहे. बांधलेलं वर्तुळ वर-खालचं खरं सांगतं, पण डावं-उजवं सांगत नाही. लढताना ते चालतं, उतरताना सोडून द्यावं.

जिथे सिम्युलेटर हरतो

खऱ्या ढगावर ऊन पडलं की त्याची चमक चौरस मीटरला तीसेक हजार कँडेला असते. हडचा उजेड तिच्यावर उठून दिसेल असाच केलेला असतो. काचेवरचा लेप फक्त हिरव्याची एक अरुंद पट्टी परावर्तित करतो, आणि हिरवाच, कारण दिवसाउजेडी माणसाच्या डोळ्याला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा सगळ्यात तेज वाटतो. घरचा मॉनिटर तीनशे-चारशे कँडेलाच्या पुढे सहसा जात नाही. त्याच्यावर ढग काढला की तो आधीच पूर्ण पांढरा. आता पूर्ण पांढऱ्यात हिरवा मिसळा: पांढराच राहतो. काच प्रकाश वाढवू शकते, आकाशाचा प्रकाश घटवू शकत नाही, आणि मॉनिटरला वाढवायला जागाच उरलेली नाही. ढगाळ आकाशावर हड पुसट होतो तो यामुळे. उजेडाचं बटण शेवटपर्यंत फिरवून उपयोग नाही. काही विमानांच्या मॉडेलमध्ये काचेला मुद्दाम किंचित गडद छटा दिलेली असते. ही छटा म्हणजे फसवणूकच, पण गरजेची. रात्री याच्या उलट: हडचा उजेड उतरवला नाही तर धावपट्टीचे दिवे त्यात बुडून जातात. हॉर्नेट आणि एफ-16 दोन्हींत दिवस-रात्रीचा वेगळा स्विच आहे तो त्यासाठी. तो बघायचा सोडून लोक मॉनिटरचा गॅमा बदलत बसतात.

दुसरी हार अनंत अंतराची. सपाट मॉनिटरवर जग आणि हड दोन्ही साठच सेंमीवर आहेत. डोळ्याला फोकस बदलावा लागत नाही हा खऱ्या हडचा मोठा फायदा इथे लागूच नाही, कारण फोकस कधी बदलतच नव्हता. उरते फक्त भूमिती, आणि जुन्या सिम्युलेटरांमध्ये तीही नव्हती. चिन्हं सरळ काचेच्या चित्रावर चिकटवलेली असत. डोकं डावीकडे सरकवलं की काचेबरोबर वर्तुळही सरकायचं आणि धावपट्टीऐवजी शेजारच्या शेतात जाऊन बसायचं. आता चांगल्या मॉडेलांमध्ये कॅमेरा हलला की चिन्हांची जागा पुन्हा मोजली जाते, ती जगाला चिकटून राहतात आणि काचेची कड फक्त त्यांना कापते. तुमचं विमान कुठल्या जातीचं आहे हे बघायचं तर डोकं थोडं बाजूला न्या: क्षितिजाची रेष क्षितिजावर राहिली तर ठीक, काचेबरोबर पळाली तर त्या विमानासाठी डोकं बांधून बसा.

व्हीआर हेडसेटमध्ये ही चूक लपतच नाही. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं मिळतात. चिन्हं काचेइतक्या अंतरावर काढलेली असतील तर धावपट्टीकडे बघताना वर्तुळं दोन दिसतात, आणि वर्तुळाकडे बघितलं की धावपट्ट्या दोन. योग्य काढलेला हड मात्र हेडसेटमध्ये विनासायास बसतो. दृश्यकोन आपोआप खरा, डोळा खरोखरच कॉकपिटमध्ये. फूटपट्टीची गरज उरत नाही. बदल्यात बारकाई जाते, कारण आजच्या अनेक हेडसेटमध्ये अंशाला 20-25 पिक्सेलच मिळतात, आणि पुन्हा 6 की 8 हा प्रश्न येतो.

हा प्रश्न फक्त घरगुती हौशींचा नाही. विमान कंपन्यांच्या प्रशिक्षणातल्या पूर्ण हलत्या सिम्युलेटरमध्ये बाहेरचं दृश्य मोठ्या वक्र आरशातून दाखवतात, त्यामुळे ते खऱ्यासारखं दूर भासतं आणि खरा हड त्याच्यावर बसतो. लढाऊ वैमानिकांसाठी मात्र घुमटाकार पडदे वापरतात, कारण त्यांना मागेपर्यंत बघायचं असतं. तो पडदा काही मीटरवर. त्याच्यापुढे खरा हड ठेवला तर चिन्हं अनंतावर आणि शत्रूचं विमान तीन-चार मीटरवर, डोकं हललं की दोघांची फारकत. मग चिन्हं बाहेरच्या दृश्यातच काढून पडद्यावर टाकतात, किंवा हडचा फोकस पडद्याच्या अंतरावर आणतात. कोट्यवधींच्या यंत्रातही शेवटी तीच तडजोड.

आतले आकडे

ज्यांना यंत्र उघडून बघायची खोड आहे त्यांच्यासाठी फ्लाइटगिअर आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेला, फुकट आणि खुला सिम्युलेटर. त्यात हडची मांडणी साध्या एक्सएमएल फायलींत लिहिलेली असते: शिडी कुठे, तिची रुंदी किती, कोणती पट्टी डावीकडे, कोणती उजवीकडे. रंग, उजेड, रेषांचा गुळगुळीतपणा मेनूतून बदलता येतो. मुख्य गंमत एका अंशाला किती पिक्सेल या हिशेबाची. पडद्यावर सपाट काढलेल्या हडमध्ये हा आकडा एकदा ठरला की ठरला. तुम्ही झूम केलं तर जग मोठं होतं, शिडी तेवढीच राहते. म्हणजे दहा अंशांची पायरी जगातल्या सात अंशांवर बसते. इथे हड खरोखर खोटं बोलतो. सपाट हड ठेवायचा असेल तर दृश्यकोन एकदा ठरवून तो आकडा त्याला जुळवावा आणि मग झूमच्या बटणाला हात लावू नये. कॉकपिटच्या काचेवर त्रिमितीत बसवलेला हड घेतला तर ही कटकट मिटते. 1920 पिक्सेलांचा पडदा आणि 55 अंशांचा दृश्यकोन असेल तर मध्यभागी अंशाला 32 पिक्सेल येतात. हिशेब त्रिकोणमितीचा, दहावीच्या पुस्तकातला.

काय काढून टाकायचं

सगळं जागेवर बसलं की पुढचा मोह सुरू होतो: आणखी काय दाखवता येईल? तिथे अमेरिकेतला एक जुना प्रयोग आठवावा. 1980 मध्ये नासाच्या एम्स केंद्राने प्रवासी विमानाच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये हड वापरून उतरायला लावलं, आणि काही उतरणींमध्ये धावपट्टीवर न सांगता दुसरं विमान उभं केलं. अनुभवी वैमानिक, डोळ्यासमोर विमान, तरी आठांपैकी दोघांना ते दिसलंच नाही. त्यांनी उतरणं चालूच ठेवलं. मान खाली घालायला लागू नये म्हणून आणलेली काच, आणि त्या काचेतल्या चिन्हांत नजर इतकी गुंतली की काचेपलीकडचं सुटलं.

हॉर्नेटमध्ये यावर एक तीन-टप्प्यांचा स्विच आहे. नेहमीच्या जागी सगळं दिसतं. त्यापुढच्या पहिल्या टप्प्यावर मॅक आकडा, जी-भार, वेग आणि उंचीच्या आकड्यांभोवतीच्या चौकटी निघून जातात. दुसऱ्यावर वरची दिशेची पट्टीही. हे कशासाठी, ते जहाजावर उतरताना कळतं. गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर नौदलाच्या वैमानिकांना जहाजावर उतरायला शिकवण्यासाठी किनाऱ्यावरच उतरायची धावपट्टी आणि विमानाला अडवणारे दोर बांधलेले आहेत. तेजसच्या नौदल आवृत्तीने 13 सप्टेंबर 2019 ला दोर पकडून पहिली उतरणी तिथे केली, आणि 11 जानेवारी 2020 ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी तेच विमान आयएनएस विक्रमादित्यवर उतरवलं. जहाज हलतं, उतरायची जागा फुटबॉलच्या मैदानाइतकीही नसते. अशा वेळी मॅक आकड्याला काय काम?

घरी हा स्विच मी दुसऱ्या टप्प्यावर ठेवतो. दिशा विसरायला होते, पण धावपट्टी समोर दिसत असताना दिशा कशाला लागते? लांबच्या प्रवासात पट्टी परत आणतो. भाचा स्विच नेहमीच्या जागीच ठेवतो, त्याला चौकटींशिवायचे आकडे नागडे वाटतात. आमचं यावर अजून पटलेलं नाही. तो आता मोठा मॉनिटर घ्यायच्या विचारात आहे, म्हणजे फूटपट्टी पुन्हा काढावी लागणार.